पॉलिमर क्ले घरच्या ओटीजीत भाजताना : नॉब १३० वर, तरी वरून करपते आणि आतून कच्ची

ठिपका (प्रश्न)

ओटीजी (टेबलावरचा विजेचा ओव्हन) २८ लिटरचा आहे. वर दोन रॉड, खाली दोन, पंखा नाही. क्ले म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारा प्लास्टिकचा लगदा; तिच्या पाकिटावर '१३०° सेल्सिअस, ६ मि.मी. जाडीला ३० मिनिटे' असं छापलंय. नॉब १३० वर ठेवून १५ मिनिटं रिकामा तापवला, मग सोबत आलेल्या पत्र्याच्या ट्रेवर वस्तू ठेवून मधल्या कप्प्यात ३० मिनिटं भाजल्या. सगळ्या वस्तू एकाच वेळी आत होत्या. निकाल असा :

साधारण २ मि.मी. जाडीची चपटी कानातली रंगाने छान दिसतात, पण गार झाल्यावर जरा वाकवली की कटकन मोडतात. मोडलेली कड खडूसारखी भुसभुशीत.

९ सें.मी. उंचीची भरीव बाहुली, पोटापाशी ४ सें.मी. जाड. डोकं तपकिरी झालं, तळाला मात्र नख रुतवलं तर खूण उमटते. मानेला आडवी चीर गेली.

प्रश्न :
१. तापमान वाढवायचं की वेळ?
२. भाजताना वास येतो तो विषारी असतो का? याच ओटीजीत खाण्याचे पदार्थ केले तर चालतील का? घरात लहान मूल आहे आणि पिंजऱ्यात पक्षी आहेत.
३. मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर किंवा उकळतं पाणी यांनी काम भागेल का?
४. जाड वस्तूच्या आत काय भरावं?

---

भट्टी_१३०

तापमानही वाढवू नका आणि वेळही. आधी मोजा.

एकाच ट्रेवर एक वस्तू कच्ची आणि दुसरी करपलेली, म्हणजे दोन वेगळे रोग वाटतात. मूळ एकच आहे. नॉबवरचा आकडा हे क्लेजवळचं तापमान नसतं.

ओटीजीच्या नॉबमागे दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की ती वाकते आणि रॉडचा पुरवठा तोडते, निवली की पुन्हा जोडते. रॉड एकतर पूर्ण पेटलेले असतात नाहीतर पूर्ण बंद; मधली मंद अवस्था त्यांना ठाऊक नाही. त्यामुळे '१३०' वर ठेवलेला ओव्हन प्रत्यक्षात वरखाली झोके घेत असतो, आणि पट्टी ट्रेपासून लांब, भिंतीपाशी असल्याने त्या झोक्यांचा मध्यही १३० असेलच असं नाही. पाव-बिस्किटांना २० अंशांनी फारसं बिघडत नाही. पॉलिमर क्लेला बिघडतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उष्णता हवेतून येते तशी लाल झालेल्या रॉडच्या झोतातूनही येते, शेकोटीसमोर तोंड भाजतं पण पाठ गार राहते तशी. तुमच्या बाहुलीचं डोकं वरच्या रॉडपासून चार-पाच सें.मी.वर आलं असणार. तिथली हवा १३० असली तरी डोक्याचा पृष्ठभाग कितीतरी जास्त तापला. चपट्या कानातल्यांना तो झोत लांबून मिळाला आणि ट्रेजवळची हवा बहुधा ११० च्या आसपासच राहिली.

करायचं ते असं :

थर्मामीटर घ्या. डायलवाला ओव्हन थर्मामीटर चालतो, पण तारेच्या टोकाचा डिजिटल (के-टाइप थर्मोकपल) जास्त उपयोगी, कारण त्याचं टोक वस्तूच्या शेजारी ठेवता येतं आणि आकडा दार न उघडता बाहेर वाचता येतो. आधी त्याचीच परीक्षा घ्या : उकळत्या पाण्यात १०० दाखवायला हवा, समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला साधारण १ अंश कमी. डायलवाले काचेमागचे थर्मामीटर मात्र पाण्यात बुडवायचे नाहीत. ते डिजिटलशी ताडून पाहा.

पत्र्याचा ट्रे बाजूला ठेवा आणि जाळीवर साधी सिरॅमिक टाइल ठेवा, ८-१० मि.मी. जाडीची. पत्रा रॉडबरोबर लगेच तापतो, लगेच निवतो. टाइल जड असल्याने ते झोके पोटात घेते. क्ले थेट चकचकीत टाइलवर टेकली की तळाला चकाकणारे डाग पडतात, म्हणून मध्ये साधा कोरा कागद किंवा बेकिंग पेपर घाला. कागद टाइलच्या कडेबाहेर आला नाही पाहिजे. १३० अंशांना तो पेटत नाही, पण लाल रॉडला टेकला तर पेटतो.

आता झाकण. फॉइलचे दोन खोल ट्रे घ्या, एकात वस्तू, दुसरा उपडा वर, कडा धातूच्या चिमट्यांनी घट्ट. किंवा फॉइलचा तंबू करा, पण तो क्लेला कुठेही टेकू देऊ नका. झोत फॉइलवरून परततो आणि आत फक्त गरम हवा राहते. करपण्याच्या दहातल्या नऊ तक्रारी इथेच मिटतात.

कप्पा असा निवडा की वस्तूच्या माथ्यापासून वरच्या रॉडपर्यंत निदान ७-८ सें.मी. मोकळे राहतील. तुमच्या ओटीजीत बाहुली उभी ठेवून ते जमणार नसेल तर आडवी भाजा.

या सगळ्या मांडणीसकट, क्ले न ठेवता, ओव्हन एकदा ५० मिनिटं चालवा. थर्मामीटरचं टोक झाकणाच्या आत. दर पाच मिनिटांनी आकडा लिहून काढा. पहिली २० मिनिटं विसरा. पुढच्या अर्ध्या तासातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा महत्त्वाचा. ते दोन्ही १२० ते १३५ मध्ये आले की नॉब त्या वेळी जिथे असेल तिथे मार्करने खूण करा. मग नॉबवर छापलंय काय याच्याशी तुमचा संबंध संपला.

एक सावधगिरी, अगदी बाळबोध वाटली तरी : पाकिटावर आणि व्हिडिओत बरेचदा फॅरेनहाइट असतं. २७५ फॅ. म्हणजे १३५ से., २३० फॅ. म्हणजे ११० से. सेल्सिअसचा नॉब २७५ वर फिरवला तर क्ले भाजत नाही, जळते, आणि घरभर धूर होतो.

आणि सगळ्यांच्या क्लेला १३० लागत नाही. क्लेच्या ब्रँडप्रमाणे फिमोवर ११०, प्रीमोवर १३०, सर्निटवर ११० ते १३०, काटोवर १५० लिहिलेलं असतं. हातातलं पाकीट वाचा. दोन कंपन्यांची क्ले एकत्र मळली असेल तर आधी त्याच गोळ्याची चाचणीपट्टी भाजून बघा.

---

क्लोरीन_कमी

वरच्याला +१. वासाबद्दल आणि 'विषारी' या शब्दाबद्दल मी लिहितो.

नावात क्ले असलं तरी यात माती औषधालाही नसते. पीव्हीसीची अतिबारीक पूड, तिला मऊ ठेवणारा तेलकट द्रव (प्लास्टिसायझर), थोडं पूरक चूर्ण आणि रंग, एवढाच मसाला. तापवल्यावर तो द्रव पीव्हीसीच्या कणांत शिरतो, कण फुगतात आणि शेजारच्या कणांत वितळून एकजीव होतात. पाणी उडून सुकण्याचा प्रकार नाही, त्यामुळे उन्हात ठेवून किंवा हेअर ड्रायरने काही होत नाही.

एवढं कळलं की कानातली का मोडली ते आपोआप कळतं. तापमान कमी पडलं तर कण एकमेकांना नुसते चिकटतात, एकजीव होत नाहीत. बाहेरून कडक लागते, आतून रचना दाबलेल्या भुकटीची. म्हणून खडूसारखी कड. ही कसर कमी तापमानाला दोन तास ठेवून भरून निघत नाही. उलट, योग्य तापमानाला ३० ऐवजी ६० मिनिटं ठेवली तर बिघडत काहीच नाही, मजबुती वाढते. मोडलेली कानातली नीट मोजलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा भाजा. अर्धकच्ची क्ले दुसऱ्या भाजणीत पूर्ण होते. भेग मात्र आपोआप सांधत नाही.

आता दुसरं टोक. तापमान फार चढलं की पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. तो सुटल्यावर साखळीत जे दुहेरी बंध उरतात त्यांच्यामुळे रंग पिवळा, मग तपकिरी, मग काळा होत जातो. सुटलेला वायू पुढच्या विघटनाला आणखी वेग देतो, म्हणून 'जरासं तपकिरी झालंय, पाच मिनिटं अजून ठेवू' हा विचार करू नये. १७५-१८० च्या पुढे तर कुठल्याच कंपनीची क्ले नेऊ नका. पांढरी, फिकट आणि पारदर्शक क्ले त्याच्या बऱ्याच आधी पिवळी पडते; ती तुमची पहिली घंटा.

वास दोन प्रकारचे. योग्य तापमानाला मेणासारखा, नव्या प्लास्टिकसारखा सौम्य वास येतो; थोडा प्लास्टिसायझर उडतो त्याचा तो. खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू असेल तर त्यात घाबरण्यासारखं नाही. दुसरा वास आंबट, झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, घसा खवखवायला लावणारा. तो आला की :

ओव्हन प्लगपाशी बंद करा. दार उघडू नका. आतला सगळा धूर तुमच्या तोंडावर येईल आणि बाहेरची हवा आत जाईल. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, मूल आणि पिंजरा घेऊन दुसऱ्या खोलीत जा, दार लोटून घ्या. ओव्हन पूर्ण गार होईपर्यंत तसाच राहू द्या. डोळे झोंबत असतील तर भरपूर पाण्याने धुवा. श्वासाला त्रास होत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा. नंतर ओव्हनच्या भिंती कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्या फडक्याने पुसा. राहिलेलं आम्ल मरतं, नाहीतर पत्रा गंजतो. रॉड ओले करू नका.

पक्ष्यांचं वेगळं सांगतो. त्यांची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा फार नाजूक असते. आपल्याला जाणवणारही नाही इतक्या वाफेने ते दगावू शकतात. भाजणी नीट चालू असली तरी पिंजरा त्या खोलीत नको, आणि वास पूर्ण जाईपर्यंत परत आणू नका.

त्याच ओटीजीत खाणं शिजवावं का? आठवड्याला भाजणी होत असेल तर वेगळा छोटा ओव्हन घ्या, हे माझं स्पष्ट मत. उडालेला प्लास्टिसायझर थंड भिंतींवर तेलकट थराने बसतो आणि पुढच्या वेळी तापल्यावर पुन्हा उडतो. महिन्यातून एखाद्या वेळी भाजत असाल तर वर सांगितलेला चिमटे लावलेला बंद डबा वापरा, तो ओव्हन आणि वस्तू दोन्ही निवल्यावर घराबाहेर उघडा, आणि ओव्हन पुसून घ्या. एकाच वेळी क्ले आणि खाणं कधीच नाही. क्लेसाठी वापरलेली टाइल, ट्रे, लाटणं, सुरी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही.

भाजलेली क्ले अन्नासाठी नाही. पाकिटावर 'नॉन-टॉक्सिक' किंवा 'एएसटीएम डी-४२३६' असलं तरीही. ते मानक चित्रकलेच्या साहित्यातल्या दीर्घकालीन धोक्यांची तपासणी आणि लेबल याबद्दल आहे, ताटवाट्यांबद्दल नाही. चमचा, वाटी, कपाची ओठ लागणारी कड, मुलाने तोंडात घालायचं खेळणं, यांतलं काहीही यातून करू नका. वरून वार्निश दिल्यानेही फरक पडत नाही. कपाच्या बाहेरून, कडेपासून दोन बोटं खाली नक्षी चालेल.

कच्ची क्ले हाताळताना हाताला जो चिकटपणा राहतो तो नुसत्या साबणाने नीट निघत नाही. आधी थोडं तेल चोळून पुसा, मग साबण. आणि जुनी, लेबल गेलेली पाकिटं मुलाच्या हाती देऊ नका : पूर्वी प्लास्टिसायझर म्हणून थॅलेट्स (आरोग्याला घातक ठरू शकणारी रसायनं) सर्रास असत. युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये खेळण्यांतल्या काही थॅलेट्सवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी मिश्रणं बदलली. नवीन घेताना 'थॅलेटमुक्त' लिहिलेलं बघून घ्या.

तिसरा प्रश्न पटकन. मायक्रोवेव्ह लहरींवर : नाही. उष्णता ठिपक्याठिपक्यांत तयार होते, एक ठिपका जळतो आणि शेजारचा कच्चा, शिवाय आत फॉइल असेल तर ठिणग्या. त्याच यंत्राच्या नुसत्या कन्व्हेक्शन (गरम हवेच्या) मोडवर भाजता येतं, पण कॉम्बिनेशन (हवा आणि लहरी एकत्र) मोडचं बटण चुकून दाबलं जाणार नाही याची खात्री हवी. एअर फ्रायरमध्ये तापणारी कॉइल वस्तूच्या अगदी डोक्यावर आणि वारा एवढा की हलकी फॉइल उडून तिला चिकटते. त्यात खाणं करायचं असेल तर विषयच संपला. उकळतं पाणी १०० च्या वर जात नाही, म्हणजे १३० वाल्या क्लेला कमीच, आणि पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. गॅसवरच्या बंद भांड्यात तळ किती तापलाय हे कळायला मार्ग नाही.

---

रंगखडी

बाहुलीबद्दल. ४ सें.मी. भरीव पोट हाच मूळ घोटाळा आहे. पीव्हीसी उष्णता फार सावकाश आत नेते. पाकिटावरचा हिशोब लावला तर पोटाला तीन तासांच्या वर लागतील, आणि तेवढ्यात पातळ मान आणि बोटं अनेकदा शेकून निघतात. भरीव वस्तू करूच नये. क्लेही वाया जाते.

आत अॅल्युमिनियम फॉइल भरा. चुरगळून गोळा करा, मग टेबलावर घट्ट दाबत फिरवा, वर लाकडी ठोकळ्याने ठोका. बोटाने दाबून खळगा पडत असेल तर अजून ढिला आहे. ढिल्या फॉइलमधली अडकलेली हवा तापून फुगते आणि क्लेला चीर पाडते. ९ सें.मी. बाहुलीला साधारण ७ सें.मी. उंचीचा गाभा घ्या, त्यावर क्लेचा थर सगळीकडे ५-६ मि.मी. 'सगळीकडे' यावर जोर आहे. एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला १२ झाला तर दोन्ही भाग वेगवेगळ्या गतीने तापतात, फुगतात, आणि चीर बरोबर जिथे थर बदलतो तिथे जाते.

मानेची चीर त्यामुळेच. जड धड सावकाश फुगत राहतं, हलकं डोकं आधीच कडक झालेलं असतं, ताण सगळा मानेवर. धडातून मानेतून डोक्यात जाणारी दोन पदरी पिळलेली तार घाला, १ ते १.५ मि.मी. जाडीची, तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची. नुसती गुळगुळीत तार क्लेला धरत नाही, पीळ धरतो.

टप्प्याटप्प्याने भाजणं हा मोठ्या कामातला खरा उपाय. आधी गाभा आणि धड २० मिनिटं, गार झाल्यावर डोकं, मग कपडे आणि केस, शेवटी सगळं मिळून पूर्ण वेळ. भाजलेल्या भागावर कच्ची क्ले आपणहून चिकटत नाही; मध्ये लिक्विड क्लेचा (ओतता येईल अशी पातळ पॉलिमर क्ले) पातळ थर लावा. पातळ म्हणजे पातळ, नाहीतर वरचा भाग घसरतो.

आत काय चालत नाही ते जास्त महत्त्वाचं :

थर्माकोल नाही. तो साधारण १०० अंशांनाच मऊ पडून आकसतो, आत पोकळी होते आणि वाफ बाहेर येते. लाकूड चालतं, पण त्यातला ओलावा तापून बुडबुडे आणतो, म्हणून क्ले चढवण्याआधी नुसतं लाकूड १२० ला तासभर वाळवून घ्या. काच उत्तम, फक्त थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हनबरोबर तापवायची आणि ओव्हनमध्येच निवू द्यायची.

लोहचुंबक भाजायचे नाहीत. छोटे शक्तिशाली निओडिमियमचे चुंबक साधारण ८० अंशांपुढे जोर गमावू लागतात आणि तो परत येत नाही. भाजताना त्या मापाची खाच ठेवा, चुंबक नंतर चिकटवा. प्लास्टिकचे डोळे, अॅक्रिलिकचे खडे वितळतात, काचेचे राहतात. सुपरग्लू लावून भाजू नका, उष्णतेने सांधा सुटतो आणि त्याची वाफ डोळ्यांना लागते. यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात कडक होणारा चकचकीत लेप) भाजल्यानंतरच. अॅक्रिलिक रंग कच्च्या क्लेवर लावून भाजता येतो, पण तो आधी खडखडीत वाळलेला हवा. ओला असेल तर फोड येतात.

गोल मण्यांना टाइलवर चपटी बाजू येते. ते खायच्या सोड्याच्या किंवा कॉर्नफ्लॉवरच्या ढिगात रुतवून भाजा, गार झाल्यावर धुवून ब्रशने घासा. सोडा काळ्या क्लेच्या खाचांत पांढरा दिसत राहतो, म्हणून गडद रंगांना कॉर्नफ्लॉवर बरं.

नेलपॉलिश आणि डब्यातला स्प्रे वार्निश : दोन्ही टाळा. त्यांतले द्रावक क्लेत शिरून महिन्या-दोन महिन्यांनी वस्तू चिकट करतात. वॉटर-बेस्ड (द्रावकाऐवजी पाणी असलेलं) वार्निश घ्या. हा भाजण्याचा विषय नाही, पण चिकटपणाचा दोष लोक ओव्हनला देतात म्हणून लिहिलं.

---

ठिपका

सगळ्यांचे आभार. वर सांगितल्याप्रमाणे टाइल, चिमटे लावलेले फॉइल ट्रे आणि के-टाइप थर्मामीटर घेऊन रिकामी चाचणी केली. थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो (इथे उंची सुमारे ५५० मीटर). नॉब १३० वर असतानाचे आकडे :

पत्र्याच्या ट्रेवर, उघडं : ९८ ते १२१.
वरच्या रॉडखाली ४ सें.मी.वर : १६८ पर्यंत.
टाइलवर, बंद झाकणात : १०९ ते ११६.

नॉब साधारण १५० ला नेल्यावर झाकणात १२४ ते १३१. तिथे पोचायला सुरुवातीपासून ३४ मिनिटं लागली. आता दोन शंका. वेळ कधीपासून मोजायची? आणि ओव्हन आधी तापवावा की थंड ओव्हनमध्ये वस्तू ठेवाव्यात?

---

भट्टी_१३०

थर्मामीटर बरोबर आहे, ५५० मीटरला ९८ च यायला हवा. नॉबची खूण १५० पाशी करून टाका. ९८ ते १२१ बघितल्यावर कानातली का मोडली हे आता सांगायला नको. १३० ला ती क्षणभरही पोचली नव्हती.

वेळ झाकणातला आकडा १२५ ला पोचल्यापासून मोजा. म्हणजे एकूण ३४ अधिक ३०. लोक टायमर दार लावल्याबरोबर सुरू करतात आणि निम्मी भाजणी गार टाइल तापवण्यातच जाते.

आधी तापवावा. सुरुवातीला रॉड सलग दहा-पंधरा मिनिटं लाल असतात, ओव्हनचा सगळ्यांत वाईट काळ तोच. टाइल आत ठेवूनच तापवा आणि रॉड एकदा बंद होऊन पुन्हा लागले की वस्तू आत सरकवा.

---

रंगखडी

इथे माझं थोडं वेगळं मत. झाकण घट्ट असेल तर सुरुवातीच्या लाल रॉडचा त्रास वस्तूला होतच नाही, आणि हळूहळू तापल्याने जाड आकृती, काचेवरचं काम, फॉइलचा गाभा यांना चिरा कमी जातात. शिवाय गरम टाइलवर कच्च्या नाजूक वस्तू मांडताना बोटंही भाजतात आणि वस्तूही दबतात. मी म्हणेन, चपटी पातळ कामं असतील तर आधी तापवा; मूर्ती आणि काच असेल तर थंडपासून, झाकणासकट.

---

भट्टी_१३०

झाकण असेल तर मान्य. उघडं भाजणाऱ्यांनी मात्र थंडपासून सुरू करू नये.

---

क्लोरीन_कमी

दोन गोष्टी राहिल्या, त्यांच्यामुळेच लोक दुसऱ्यांदा करपवतात.

पहिली : भाजलेली क्ले गरम असताना मऊच लागते. रबरासारखी वाकते, नख रुततं. वेळ झाल्यावर दार उघडून दाबून बघितलं, मऊ लागली, 'कच्चीच आहे' म्हणून नॉब १८० वर, आणि दहा मिनिटांत धूर. कडकपणा निवल्यावरच येतो. वेळ झाली की ओव्हन बंद करा, दार किंचित उघडं ठेवा आणि हात लावू नका. पातळ पत्री वाकडी झाली असेल तर कोमट असतानाच दोन टाइलांमध्ये दाबून ठेवा. पारदर्शक क्ले जास्त नितळ हवी असेल तर काही जण गरम वस्तू बर्फाच्या पाण्यात टाकतात. पातळ वस्तूंना चालतं, फॉइल गाभ्याच्या किंवा काचेच्या वस्तूला कधीच नको.

दुसरी : चाचणीपट्टी. प्रत्येक नव्या पाकिटाची ३ मि.मी. जाड, २ सें.मी. रुंद, ८ सें.मी. लांब पट्टी त्याच मांडणीत भाजा, पूर्ण निवू द्या, मग दोन्ही टोकं धरून सावकाश वाकवा. चांगली शिजलेली प्रीमो, फिमो प्रोफेशनल किंवा काटो इंग्रजी यू सारखी वळते आणि सोडल्यावर परत येते. ४५ अंशांच्या आत मोडली आणि कड भुसभुशीत असेल तर ५ अंश वाढवून दुसरी पट्टी. कड गुळगुळीत असून मोडली तर दोष बहुधा भाजणीचा नाही, त्या जातीच्या क्लेचा. स्कल्पी थ्री पातळ भागांत अशीच ठिसूळ असते. ती जाड मण्यांना ठीक, २ मि.मी. कानातल्यांना नको.

पट्टीवर पाकिटाचं नाव, झाकणातलं तापमान आणि मिनिटं लिहून डब्यात ठेवून द्या. डबा पॉलिप्रॉपिलिनचा घ्या, तळाला त्रिकोणात ५ असतो तो. कच्ची क्लेही त्यातच. ६ आकडा असलेल्या पॉलिस्टायरीनच्या डब्याला कच्ची क्ले चिकटून त्याला खड्डे पाडते.

---

ठिपका

कानातली पुन्हा भाजली, झाकणात १२६ ते १३१, ४५ मिनिटं. आता अर्धवर्तुळापर्यंत वाकतात. बाहुलीचं डोकं तपकिरीच आहे, तळ अजून कच्चा. ती फेकून द्यावी लागेल का?

---

रंगखडी

फेकू नका. तळाकडून धारदार ब्लेडने कोरून जितकी कच्ची क्ले निघेल तितकी काढा, भिंत सेंटीमीटरभर राहू द्या. पोकळीत घट्ट फॉइल ठोकून बसवा, कडेला लिक्विड क्ले लावून ५ मि.मी.ची चकती बंद करा आणि तिला सुईने एक छिद्र ठेवा, हवा जायला. मानेच्या चिरेत त्याच रंगाची क्ले लिक्विड क्लेत कालवून सुईने भरा. आडवी झोपवा, कॉर्नफ्लॉवरचा आधार द्या, झाकण लावा, थंडपासून सुरू करून १२५ नंतर तासभर. मान पूर्ण निवेपर्यंत उचलायची नाही. डोक्याला शेवटी अॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या.